पक्षकाराचा फोन कोण कोण उघडतं?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतून आलेल्या माझ्या वकील बंधू-भगिनींनो,

करवीरनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. या सहा जिल्ह्यांचे वकील इतकी वर्षं एकत्र जमले ते बहुतेक वेळा आंदोलनाच्या मंडपात. १८ ऑगस्ट २०२५ला हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आणि आता आपल्याला घोषणा न देताही भेटता येतं. निवासाच्या सोयीत काही उणं राहिलं तर ते स्वागत समितीच्या पदरात घाला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याविषयीची तक्रार मात्र दाखल करून घेतली जाणार नाही.

वकिलांची नैतिक जबाबदारी आणि सायबर सुरक्षा हा विषय ठरला तेव्हा बार रूममध्ये एक प्रश्न आला: हे संगणकवाल्यांचं काम, त्यात आपण काय करायचं? स्वागताध्यक्षाने खरं तर स्वागत करून खाली बसावं. पण वकील माणूस, उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

हायकोर्टात अपील असलं की आपण कागदांची पिशवी उशाशी घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जायचो. पिशवी गेली तर निदान गेल्याचं समजायचं. आज तेच कागद ई-फायलिंगसाठी पुष्कळदा कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन होतात. पीडीएफ आपल्याकडे येते आणि दुकानाच्या संगणकावरही राहते. ती पुढे कुणी पाहिली, कुणाला पाठवली, याचा आपल्याला पत्ता नसतो.

पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड करायचं नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं. १ जुलै २०२४पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आलं. या बंधनाचा भंग करू नये, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला सतरावा नियम सांगतो. आपले कारकून आणि दुभाषे यांनाही कायद्याने त्यात धरलेलं आहे. झेरॉक्सवाला त्यात नाही. आणखी एक गोष्ट आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो: काम संपलं, तरी हे बंधन संपत नाही. त्याला मुदत नाही. मग वीस वर्षांच्या दाव्यांनी भरलेला जुना संगणक हार्ड डिस्कसकट भंगारात देताना आपण नेमकं काय देतो?

३१ ऑक्टोबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने, अमरावतीचे सुपुत्र न्या. भूषण गवई सरन्यायाधीश असताना, तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स काढण्याविषयी निकाल दिला. कलम १३२च्या अपवादांत बसत नसेल तर पक्षकाराच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी त्याच्या वकिलाला बोलावता येणार नाही. वकिलाचा लॅपटॉप किंवा फोन हवा असेल तर तो न्यायालयापुढेच हजर करायचा. आक्षेप ऐकून ते फेटाळले तरच तो उघडायचा, तोही वकील आणि पक्षकार यांच्या समक्ष, त्यांच्या पसंतीचा तंत्रज्ञ सोबत घेऊन. आणि इतर पक्षकारांची गुप्तता भंगणार नाही याची काळजी न्यायालयाने घ्यायची. या निकालाचं आपण स्वागत केलं, करायलाच हवं होतं. पण ज्या लॅपटॉपला न्यायालयाने एवढी तटबंदी घातली, त्याचा पासवर्ड आपल्या चेंबरच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे असतो आणि तो चहा आणणाऱ्या मुलालाही ठाऊक असतो!

मी कौटुंबिक वाद चालवते, म्हणून तिथलंच सांगते. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई पोटगीसाठी येते. आपण अर्जाचा मसुदा तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. तिचा फोन नवऱ्याने घेऊन दिलेला असतो, सिमकार्ड त्याच्या नावावर, मेलचा पासवर्ड त्यानेच टाकलेला. म्हणजे मसुदा दाखल होण्याआधी समोरच्या पक्षाला पोहोचला. त्यात ती सध्या कुठे राहते तो पत्ता असेल, तर हा प्रश्न नुसत्या गुप्ततेचा राहत नाही, तिच्या जिवाचा होतो. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. वकीलपत्रावर सही घेताना एक प्रश्न विचारायचा: बाई, हा फोन कोण कोण उघडतं? नोकरीवरून काढलेला कामगार कंपनीच्या ई-मेलवरून आपल्याला लिहीत असेल, तर त्यालाही हेच विचारायचं. अमेरिकन बार असोसिएशनने २०११च्या आपल्या एका अभिप्रायात अशा पक्षकाराला सावध करणं हे वकिलाचं कर्तव्य मानलं आहे.

पनामातल्या मोसॅक फोन्सेका या वकिली फर्मचे १ कोटी १५ लाख दस्तऐवज बाहेर गेले, २०१६ मध्ये जगभर छापून आले आणि २०१८ मध्ये फर्मने गाशा गुंडाळला. त्यातून बड्यांचे लपवलेले व्यवहार उघडे पडले, याचं मला दुःख नाही. आपल्या फायलींत असतात ते वैद्यकीय दाखले, वाटपाच्या दाव्यातली भावाभावांची पत्रं, पोक्सोच्या दोषारोपपत्रातलं लहान मुलीचं नाव. ते दोषारोपपत्र कुठल्याशा ग्रुपवर फिरलं तर जगात बातमी होणार नाही. तिच्या गावात मात्र होईल.

आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कलम १७ने कायदेशीर हक्क बजावण्यासाठी किंवा दाव्यासाठी आवश्यक असलेल्या डेटाला बरीच सूट दिली आहे, हे आपल्यापैकी चाणाक्षांनी हेरलेलं आहेच. त्यांनी ते कलम पुढे वाचावं. डेटाच्या सुरक्षेची वाजवी तजवीज ठेवायची, हे कलम ८(५)चं बंधन त्या सुटीतून मुद्दाम वगळलेलं आहे, आणि त्याच्या भंगाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, नोटरीची कामं यांना तर ती सूट कितपत मिळेल याचीच मला शंका आहे.

त्याच सुटीत आणखी एक मेख आहे. डेटा फुटला तर संबंधित व्यक्तीला कळवायचं, हे कलम ८(६)चं बंधन दाव्याच्या कागदांपुरतं सुटतं. म्हणजे पक्षकाराला सांगू नका असं कायदा म्हणत नाही, पण सांगाच असंही हा कायदा म्हणत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सांगायचं, आणि त्याच दिवशी. त्याचं बँक खातं, त्याचा पत्ता, त्याची बाजू धोक्यात आहे. सावध व्हायचा पहिला हक्क त्याचा. आपली अब्रू जाईल म्हणून गप्प बसलो, तर आपण पक्षकाराच्या हितापुढे स्वतःचं हित ठेवलं. त्यालाच आपल्या व्यवसायात गैरवर्तन म्हणतात.

तालुक्याच्या कोर्टातल्या एकट्या वकिलाने सुरक्षा तज्ज्ञ नेमावा, असं कुणी म्हणणार नाही. पण कारकुनाच्या व्हॉट्सॲपवर आलेली कागदपत्रं आपोआप फोटो गॅलरीत जातात, ते बंद करायला मिनिटही लागत नाही. जागेच्या व्यवहारात ऐनवेळी बदललेला खाते क्रमांक मेलवर आला, तर पैसे भरण्याआधी ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करता येते. फुकटच्या एआयला पक्षकाराची अख्खी कैफियत चिकटवून सारांश मागणाऱ्या ज्युनिअरला आधी नावं काढायला सांगता येतं. मोठा खर्च एकच, तोही आपण सहा जिल्ह्यांच्या बारने मिळून उचलावा असं मी सुचवते: प्रत्येक कोर्टाच्या आवारात बारचं स्वतःचं स्कॅनिंग केंद्र, जिथे दिवसाअखेर संगणक पुसला जाईल. हा ठराव दुपारच्या सत्रात येईल, तेव्हा त्यावर मनसोक्त भांडा.

व्यवस्थेच्या दोन सूचना. सभागृहातलं वायफाय सर्वांसाठी खुलं आहे. घरी फोटो पाठवा, बातम्या बघा, पण उद्याच्या बोर्डावरची फाइल त्यावरून उघडू नका. आणि नोंदणी टेबलाशेजारी आपले दोन तरुण सहकारी बसले आहेत. ज्यांच्या ई-मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन नाही, त्यांनी जेवणाआधी ते करून घ्यावं. पासवर्ड त्यांना सांगू नये, स्वतः टाकावा.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करते.