दोन भाषांचे नगर
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दूरचा एखादा प्रवासी आपल्या नगरला आला तर त्याने काय पाहावे, एवढाच विषय मी आज घेतला आहे. त्याने यावे ते पौष महिन्यात. आपल्या या पठारावर एखाद्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. बोलताना मात्र आपण सवयीने नगरच म्हणतो.

थंडीचा असाच एक शौकीन पाहुणा नगरला लाभला होता, पण तो आपल्या मर्जीने आला नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आणि इतर काँग्रेस नेत्यांना इंग्रज सरकारने येथील किल्ल्यात डांबले. मौलाना पहाटेच्या अंधारात उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि एका मित्राला उर्दूत पत्रे लिहीत. पत्रे पाठविता येत नव्हती, तरी ते लिहीत राहिले. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले. मौलानांना अखेरची भेटही घेता आली नाही. ती पत्रे १९४६ साली ‘गुबारे-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. उर्दू साहित्यातील हे मोलाचे पुस्तक आपल्या किल्ल्यात लिहिले गेले आहे. पण तटाबाहेरचे गाव हिंडून पाहणे मौलानांच्या नशिबी नव्हते.

ते आपण आपल्या प्रवाशाला दाखवू या. त्याला शहा डोंगरावर न्यावे आणि सांगावे, की लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती खरे तर सलाबतखानाची कबर आहे. मग त्याला कापड बाजारात उभे करावे आणि म्हणावे, आता डोळ्यांपेक्षा कानांनी पाहा. दुकानदार मराठीत भाव सांगतो, गिऱ्हाईक दखनीत घासाघीस करते आणि सौदा दोन्ही भाषांत पटतो.

हे मी का सांगतो? एका वक्तृत्व स्पर्धेत माझा एक विद्यार्थी मराठीत उत्तम बोलत होता. मध्येच त्याच्या तोंडून ‘नक्को’ निघाले आणि सभागृह हसले. मुलगा खाली बसला. परतताना मला म्हणाला, “सर, आमची उर्दू पण धड नाही आणि मराठी पण धड नाही.” हे वाक्य मला फार लागले.

त्या दिवशी त्याला जे सांगितले तेच आज आपणांस सांगतो. तुझा ‘नक्को’ हा मराठीतला ‘नको’ आहे. ‘मैंच आया’ म्हणतोस, त्यातला ‘च’ मराठीने दखनीला दिलेला आहे. आणि तुला हसणाऱ्या मुलांच्या पाठीवरचे दप्तर, त्यांचा कागद, शाई, तारीख, हजर आणि गैरहजर हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. देणेघेणे दोन्हीकडून झाले आहे. मग लाजायचे कोणी?

आपल्याच जिल्ह्यातील श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ या पिरांवरील श्रद्धेने आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. ही माणसे अर्धी इकडची, अर्धी तिकडची नव्हती. ती पुरती इथली होती.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला घरात दखनी बोलू द्या, उर्दू मनापासून शिकवा आणि मराठीच्या तासाला ओझे म्हणू नका. परीक्षेपुरती मराठी शिकून भागणार नाही. तहसील कचेरीत, दवाखान्यात आणि न्यायालयात आपले म्हणणे आपल्याच तोंडाने मांडता आले पाहिजे. मराठी शाळांतील शिक्षक बंधूंनाही विनंती आहे, की एखादा मुलगा ‘नक्को’ म्हणाला तर वर्गाला हसू देऊ नका; त्या शब्दाचा इतिहास सांगा.

माझा तो विद्यार्थी आज या सभागृहात बसला आहे. पुढच्या स्पर्धेसाठी त्याने नाव दिले आहे. विषय त्यानेच निवडला आहे : ‘माझे नगर’.

जय हिंद.