हरितगृहातील टोमॅटो आणि तीन ऋतू



अंकुशनगरात येऊन ऊस सोडून टोमॅटोवर बोलायचे म्हणजे पंढरीत जाऊन दुसऱ्याच दैवताचे कीर्तन लावण्यासारखे आहे. म्हणून आम्ही आरंभ उसापासूनच करतो. थंडी पडली की साखरेचा उतारा चढतो आणि चैत्र-वैशाखात तो घसरतो, हे या कारखान्याच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. टोमॅटोलाही पुष्कळसा हाच न्याय लागतो. पण प्लास्टिकच्या छपराखाली, मातीऐवजी नारळाच्या भुशात, क्षार विरघळवलेल्या पाण्यावर वाढवलेल्या टोमॅटोला ऋतू नसतो, बारा महिने फळ सारखेच येते, अशी एक समजूत पसरली आहे. तिच्या भरवशावर कर्जे काढली जातात, म्हणून ती तपासली पाहिजे.

मातीविना शेती काही कालची नव्हे. कॅलिफोर्नियात गेरिक यांनी १९३० च्या सुमारास द्रावणाच्या टाक्यांवर २५ फुटी टोमॅटोचे वेल चढवून दाखवले, आणि १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालात कालिंपोंगला या पद्धतीचे प्रयोग आरंभिले. पुढे हॉलंडने तिचा मोठा धंदा केला. पण हॉलंडच्या माळ्याची चिंता काय? हिवाळ्यात ऊन नाही आणि ऊब नाही. त्याचे काचघर ही ऊब साठवण्याची पेटी आहे. आपल्याकडे वैशाखात त्याच पेटीची भट्टी होते.

उन्हाळ्यात बाहेर पारा ४० च्या वर गेला म्हणजे आत काय होत असेल ते सांगायला नको. पराग निकामी होतात, फुले गळतात. फळ राहिलेच, तर साधारण ३० अंशांपलीकडे त्यातला तांबडा रंग तयार होणे थांबते आणि ते पिवळट, नारिंगी दिसते. शिवाय कोरड्या हवेत पाने सगळे पाणी ओढून घेतात, पाण्याबरोबर चुनाही त्यांच्याकडेच जातो आणि फळाचे बूड काळे पडते. टाकीत चुना पुरेसा असतो, फळापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथे आणखी चुना ओतणे हा उपाय नव्हे. सावली आणि गारवा हा उपाय. झाड क्षारांपेक्षा पाणीच अधिक पिते, त्यामुळे द्रावण दाट होत जाते. ते या दिवसांत पातळ राखावे लागते. टाकी उन्हात असेल तर आणखी एक घात: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मुळे गुदमरतात.

पावसाळ्याचे दुखणे निराळे. आभाळ झाकलेले, म्हणून साखर कमी. हवा दमट, म्हणून पराग चिकटून बसतात आणि घोस हाताने हलवावे लागतात. फळ फुगते, तडकते, चवीला पाणचट लागते.

आणि हिवाळा? स्वच्छ ऊन व थंड रात्री. दिवसा झालेली साखर रात्री फारशी खर्च होत नाही, फळ सावकाश पिकते. द्रावण थोडे दाट ठेवले तर फळ जरा लहान पण गोड निघते. कडाक्याच्या थंडीत काही फळे वेडीवाकडी होतात, तेवढे सोडून द्या.

मग अडले कुठे? बाजारात. हिवाळ्यात उघड्या रानातला टोमॅटोही उत्तम येतो, आणि भाव बसतो. २०२३ च्या जुलैत किलोला शंभराच्या वर भाव गेला, आणि सप्टेंबरात त्याच महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. म्हणजे फळ चांगले तेव्हा भाव नाही, भाव असतो तेव्हा फळ धड नाही. कर्जाचा हप्ता मात्र बारमाही.

आमचे मत विचाराल तर बारा महिन्यांच्या समान उत्पन्नाचे कागद धरून कोणी छप्पर उभारू नये. लावण ऑगस्ट-सप्टेंबरात धरावी, तोडा मार्चअखेर आटोपावा, आणि उन्हाळ्यात पीक ठेवायचेच असेल तर आधी उंच छप्पर, वरून उघडणाऱ्या खिडक्या व सावलीची जाळी यांवर पैसा घालावा. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्याने भोगला आहे. मे महिन्यातले पाणी किती महाग, हे आम्ही येथे सांगणे नको.

उसाची पक्वता पाहण्यासाठी ब्रिक्स मोजण्याचे जे छोटे दुर्बिणीसारखे यंत्र शेतात फिरते, तेच टोमॅटोला चालते. रसाचा एक थेंब काचेवर टाकावा. ४ च्या आत आकडा आला तर फळ पाणचट, ५-६ आला तर चांगले. हा आकडा दर आठवड्याला, त्या दिवशीच्या आतल्या तपमानासह, वहीत मांडून ठेवावा, आणि चांगल्या आकड्याचा माल वेगळ्या पेटीत भरून वेगळ्या भावाने मागावा.