मागल्या गरोदरपणाचा कागद
(आळेफाटा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज घाटातून कल्याणकडे जाणारा रस्ता आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. कांदा, टोमॅटो, दूध याच रस्त्यांनी शहराकडे जाते आणि आजारी माणसेही याच रस्त्यांनी जातात. आजचा विषय गर्भवती स्त्रीच्या देखभालीचा आहे. परंतु मूळ प्रश्न शेतमालाच्या भावाइतकाच आर्थिक आहे. गरजेची गोष्ट गरजेच्या वेळी गरिबाच्या हाती कशी पडावी, हा तो प्रश्न होय.

गर्भावरील उपचार आता नवलाईचा राहिलेला नाही. न्यूझीलंडमधील डॉ. विल्यम लायली यांनी १९६३ साली मातेच्या उदरातील गर्भाला रक्त देण्याचा प्रयोग यशस्वी केला. आई आर-एच निगेटिव्ह व गर्भ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात वा गर्भपातात गर्भाचे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण होतात. पहिले मूल बहुधा सुखरूप जन्मते. पुढल्या गर्भाच्या तांबड्या पेशी मात्र ही प्रतिद्रव्ये नष्ट करतात; त्याला रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते आणि उपचार न मिळाल्यास तो पोटातच दगावू शकतो. अशा गर्भाला सोनोग्राफीच्या आधारे नाळेच्या शिरेतून रक्त देऊन वाचविता येते.

मूल वाचले की संकट टळले, अशी घरच्यांची समजूत होते. ती चुकीची आहे. प्रतिद्रव्ये नाहीशी होत नाहीत. गर्भाला रक्त देण्याच्या क्रियेनेही ती वाढू शकतात. पुढचा गर्भ पॉझिटिव्ह असल्यास आजार अधिक लवकर आणि अधिक तीव्र होण्याचा धोका असतो. म्हणून अशा स्त्रीने पाळी चुकताच नाव नोंदविले पाहिजे. पतीचा रक्तगट पाहिला पाहिजे; तोही निगेटिव्ह असेल तर या आजाराची भीती नाही. एरवी प्रतिद्रव्यांचे प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते आणि साधारण अठराव्या आठवड्यापासून दर एक-दोन आठवड्यांनी गर्भाच्या मेंदूकडील रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी करावी लागते.

आता हिशेब मांडावा. आळेफाट्याहून पुणे सुमारे नव्वद किलोमीटर आहे. पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांना त्याआधी फाट्यापर्यंतच यावे लागते. दर पंधरवड्याच्या फेरीत स्त्रीची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची बुडते, शिवाय एस.टी.चे भाडे. तपासणी फुकट असली तरी तिथवर पोहोचणे फुकट नाही.

हे सारे बहुतांशी टाळता येते. १९६८ पासून उपलब्ध असलेले अँटी-डी इंजेक्शन २८व्या आठवड्यात आणि पॉझिटिव्ह मूल जन्मल्यावर ७२ तासांच्या आत दिले, तर प्रतिद्रव्ये बहुधा तयारच होत नाहीत. गर्भपातानंतर वा गर्भजलपरीक्षेनंतरही ते द्यावे लागते. मात्र प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली की त्याचा उपयोग उरत नाही. बाजारात त्याची किंमत शेतमजूर स्त्रीच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी पडते.

येथे आणखी एक सामाजिक अपराध आड येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. स्त्री-चळवळीचे ते मोठे यश होते. तरीही मुलगी नको म्हणून चोरून गर्भपात होतात. तेथे रक्तगट कोण विचारणार, आणि कागद कोण देणार? त्या चोरीची किंमत पुढचा गर्भ मोजतो. उलट, दोषांच्या निदानासाठी होणाऱ्या तपासणीला कायद्याने मज्जाव केलेला नाही, हेही लोकांना सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, इतक्या थोड्यांच्या आजारासाठी एवढा खटाटोप कशाला? आपल्या देशात शंभरांत सुमारे पाच माणसे आर-एच निगेटिव्ह असतात. त्यांतही हा आजार थोड्यांनाच होतो, हे खरे. परंतु त्यासाठी लागणारी रक्ततपासणी, नोंद, औषधाचा साठा आणि वाहन यांची गरज प्रत्येक गर्भवतीला आहे. जी व्यवस्था या एका स्त्रीला सांभाळील, ती सर्वांना सांभाळील.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी, औषधे, रक्त आणि वाहतूक यांचे वचन दिले. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला विशेष तपासणी ठरली. हे वचन हक्क म्हणून वसूल केले पाहिजे: ग्रामीण रुग्णालयात अँटी-डीचा अखंड साठा हवा, आणि पुण्याला पाठविलेल्या स्त्रीला जाण्या-येण्याचे वाहन हवे.

कार्यकर्त्यांच्या हाती असलेले कामही थोडके नाही. बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते आणि मागल्या उपचाराची फाईल सासरच्या कपाटात राहते. ती फाईल तिच्यासोबत असावी, माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट आणि मागील उपचार ठळक लिहिलेले असावेत. जिजाऊंचे नाव अभिमानाने घेणाऱ्या शिवनेरीच्या या तालुक्यात गावोगावच्या आशाताईंबरोबर बसून, आर-एच निगेटिव्ह गर्भवतींची नोंद झाली आहे की नाही, एवढे पाहण्यापासून आरंभ करावा.