कुमार गंधर्वांचे दुखणे आणि आपली घरे

(ज्ञातिमंडळाच्या पनवेल येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस ‘तरुण कलावंत आणि त्याचे आरोग्य’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत खडू-फळ्याची सेवा करून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही वैद्य नव्हे, संगीतशास्त्राचे अधिकारी तर नव्हेच नव्हे. तथापि ज्या घरांतून मुले शाळेत येतात ती घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून शास्त्र बाजूस ठेवून एका तरुण गायकाची हकीकत आपणांपुढे मांडावी आणि तीतून आपल्या घरांनी काय घ्यावे एवढे सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

हे गायक म्हणजे कुमार गंधर्व. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. पण थोर माणसाचे चरित्र ही कोणा एका ज्ञातीची मिळकत नसते. शिवाय आम्ही आज त्यांच्या थोरवीपेक्षा त्यांच्या दुखण्याविषयी अधिक बोलणार आहोत, आणि दुखणे तर जात विचारून येत नाही.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ऐकलेली मोठमोठ्या गवयांची गाणी हा मुलगा हुबेहूब गाऊन दाखवी. एका मठाधिपती स्वामींनी त्यास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. १९३६ साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, तो मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीतविद्यालयात शिकण्यासाठी आला. देवधरमास्तर अनेक घराण्यांच्या गायकीकडे मोकळ्या मनाने पाहणारे होते. नक्कल करणाऱ्या मुलास त्यांनी विचार करावयास शिकविले. विशीत पाऊल पडते न पडते तोच कुमारांचे नाव जाणत्या रसिकांच्या तोंडी झाले होते. १९४७ साली त्याच विद्यालयातील भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वय अवघे तेवीस, कीर्ती दारी उभी, संसाराची नुकती सुरुवात! आणि नेमक्या त्याच सुमारास निदान झाले : क्षय.

आजच्या तरुण श्रोत्यांस या शब्दाचा त्या वेळचा दरारा सांगून समजणार नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण जंतू ठाऊक होणे वेगळे आणि त्यास मारणारे औषध हाती येणे वेगळे. मधली साठ वर्षे विश्रांती, मोकळी हवा, पौष्टिक आहार आणि देवावर भरवसा यांपलीकडे फारसे काही करता येत नव्हते. आपल्या राम गणेश गडकऱ्यांचेच उदाहरण घ्या. ‘भावबंधन’ नाटकाचे लेखन मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पुरे करून २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते सावनेर येथे क्षयानेच गेले. त्यांच्या प्रतिभेत उणे नव्हते, जिद्दीत नव्हते, सुहृदांच्या प्रेमातही नव्हते. उणे होते ते औषधाचे. हे उदाहरण कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुंबईची दमट हवा रोग्यास सोसणारी नव्हती. म्हणून १९४८ च्या जानेवारीत कुमार माळव्यातील देवास या गावी राहावयास गेले. देवास हे इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील गाव. तेथे पवार घराण्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन मराठी गाद्या होत्या, त्यामुळे मराठी बोलणारी मंडळी पुष्कळ. आणि हवा कोरडी. गावाच्या डोक्यावर देवीची टेकडी आहे. ज्याच्या गळ्यावर सारा संसार उभा राहावयाचा, त्या गायकास डॉक्टरांनी येथे आज्ञा काय केली? गाणे बंद. आवाजाला ताण द्यावयाचा नाही, फुप्फुसाला श्रम द्यावयाचे नाहीत, पडून राहावयाचे. एक ना दोन, अशी सुमारे पाच वर्षे गेली.

बंधुभगिनींनो, या पाच वर्षांची दिनचर्या आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. सकाळ होते, पण रियाज नाही. संध्याकाळ होते, पण मैफल नाही. समवयस्क गायक गावोगाव नाव काढीत आहेत आणि आपण खाटेवर. अशा वेळी माणूस एक तर कुढतो, नाही तर चिडतो. कुमारांनी तिसरी वाट धरली : ते ऐकू लागले. माळव्यातील बाया लग्नकार्यात, सणावाराला, ऋतू पालटताना जी गीते म्हणतात ती त्यांच्या कानांवर पडत. नाथपंथी साधू आणि फिरते भिक्षेकरी कबीराची निर्गुण पदे गात रस्त्याने जात. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तेथील भजनांची परंपराही त्यांनी जवळून जाणून घेतली. खाटेवर पडलेल्या गवयाचे कान मात्र मोकळे होते. लोकगीताच्या चार स्वरांत रागाचे बीज कसे दडलेले असते, याचा विचार त्यांनी या काळात केला. पुढे त्यांनी माळव्यातील शेकडो लोकगीते गोळा केली, त्यांचे स्वरलेखन केले आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. त्यांस ते ‘धुनउगम राग’ म्हणत. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांतील काही नावे जाणकार श्रोत्यांच्या परिचयाची असतील.

परंतु एवढे सांगून आम्ही थांबलो तर आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. घरात कोणी तरुण आजारी पडला म्हणजे भेटीस येणारे लोक समाधान करतात, ‘दुःखातूनच कला जन्मते.’ हे वाक्य ऐकावयास गोड आहे आणि आमच्या मते फार घातक आहे. दुःखातून कला जन्मत असती तर इस्पितळातील प्रत्येक खाटेवर एकेक कुमार गंधर्व निपजला असता. कुमार उठून बसले त्याची कारणे तीन, आणि ती तिन्ही अगदी साधी आहेत.

पहिले कारण घर. कुमारांची कमाई बंद झाली तेव्हा भानुमतीबाईंनी देवासला शिक्षिकेची नोकरी धरली. स्वतः गाणे शिकलेली ही तरुण बाई. तिने पतीची शुश्रूषा केली आणि पगारावर संसार चालविला. आम्ही स्वतः शिक्षक असल्याने त्या काळचा मास्तरकीचा पगार म्हणजे काय, याची कल्पना आम्ही करू शकतो. त्यांस दीर्घायुष्य लाभले नाही. १९६१ साली प्रसूतीच्या वेळी त्यांचे निधन झाले. कुमारांनी आपल्या घराला ‘भानुकुल’ हे नाव दिले. मैफलीत टाळ्या गवयास मिळतात; पण त्या पाच वर्षांत गवयाचा श्वास ज्या माउलीने राखला तिचे नाव या सभेत आदराने घेतले जावे, अशी आमची इच्छा आहे.

दुसरे कारण मित्र. रामूभैया दाते यांच्यासारखे रसिक जिव्हाळ्याने पाठीशी होते. ‘आता हा गात नाही, मग याच्याशी आपले काय काम?’ असे त्यांनी म्हटले नाही.

तिसरे आणि निर्णायक कारण औषध. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध १९४३ साली अमेरिकेत लागला. सुरुवातीस ते आपल्या देशात दुर्मीळ होते आणि महागही होते. १९५२ च्या सुमारास कुमारांस त्याचे उपचार सुरू झाले आणि हळूहळू प्रकृती सावरली. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. गडकऱ्यांच्या आणि कुमारांच्या दुखण्यांत अंतर आहे ते साऱ्या तीस-पस्तीस वर्षांचे. पण एक त्या पलीकडे राहिला आणि एक अलीकडे आला. प्रतिभा दोघांकडे होती. काळाने औषध एकालाच दिले.

तथापि दुखणे गेले तरी त्याची खूण राहिली. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते असे सांगतात. पूर्वीसारखा लांब दमसास आता सर्वस्वी हाती नव्हता. त्यांच्या उत्तरकालीन गाण्यात आखूड, टोकदार स्वरसमूह येतात, मध्येच अर्थपूर्ण विराम येतो, एखादा स्वर वीज चमकावी तसा उंच जाऊन परततो. हे सारे केवळ दुखण्याने घडले, असे काही म्हणतात. हे त्यांच्या विचाराचे फळ होते, असे दुसरे म्हणतात. आम्हांस वाटते, दोन्ही खरे असावे. शरीराने मर्यादा घातली आणि बुद्धीने त्या मर्यादेतच नवे घर बांधले. जे हातचे गेले त्याची नक्कल करीत ते बसले नाहीत. उरले त्याची पूर्ण किंमत त्यांनी वसूल केली. ‘गीतवर्षा’सारखे ऋतुगीतांचे कार्यक्रम, कबीर-सूर-मीरा यांच्या पदांची ‘त्रिवेणी’, तुकोबांच्या अभंगांचे दर्शन, भा. रा. तांब्यांच्या गीतांचा कार्यक्रम, १९६५ साली प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ, हे सारे त्या दुखण्यानंतरचे. १९९० साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच ते निवर्तले. ज्याच्या आयुष्याची आशा चोविसाव्या वर्षी धूसर झाली होती, तो पुढे चाळीसहून अधिक वर्षे जगला आणि गायला.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या पनवेलीत आज गाणे, चित्रकला, नृत्य, तबला शिकणारी मुले-मुली घरोघर आहेत. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात त्यांचे कार्यक्रम होतात. आई-बाप कौतुकाने छायाचित्रे काढतात. हे उत्तम आहे. पण त्याच मुलास महिनाभर खोकला लागला, वजन उतरू लागले, संध्याकाळी अंग कोमट लागू लागले, म्हणजे घरात काय चालते? पहिले वाक्य निघते, ‘रात्री जागून चित्रे काढतो, म्हणून हे झाले.’ दोष कलेवर. दुसरे वाक्य निघते, ‘कोणास सांगू नका, उद्या लग्नाचा प्रश्न आहे.’ निदान दारामागे. आमच्या नोकरीच्या काळात उत्तम चित्रे काढणारा एक मुलगा आम्ही पाहिला. घरच्यांनी खोकला लपविला, शेजारच्या तालुक्यात गुपचूप औषध आणले, थोडे बरे वाटताच ते बंदही केले. दुखणे उलटले आणि साधा रोग हट्टी होऊन बसला. पुढे तो बरा झाला. परंतु दोन वर्षे गेली आणि घरातील सोनेही गेले. लाज वाचली असे ज्यांस वाटले, त्यांनी हिशेब करून पाहावा.

वास्तविक आज लपविण्याजोगे काही उरलेले नाही. कुमारांच्या काळी जे औषध मिळविणे दुरापास्त होते, त्याहून प्रभावी औषधांचा संच आज सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतो. साधा क्षय असेल तर उपचार सहसा सहा महिन्यांचा. एकच औषध घेतले तर जंतू त्यास दाद देईनासा होतो, म्हणून अनेक औषधे एकत्र द्यावयाची. आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडावयाची नाहीत. रोग्यास घरापासून दूर पाठविण्याची गरज बहुधा नसते. घरी राहून घेतलेला उपचार सॅनेटोरियममधील उपचाराइतकाच गुणकारी ठरतो, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ सालीच जगास दाखविले. पोषणासाठी सरकारने २०१८ पासून रोग्यास दरमहा ५०० रुपये देण्याची योजना सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. असे असूनही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. औषध आहे आणि रोगही आहे! मध्ये आडवी येते ती बहुतेक वेळा लाज, आळस आणि अर्धवट सोडलेला उपचार.

आपले गाव औषधास नवखे नाही. १८७२ पासून धूतपापेश्वराचा औषधी कारखाना याच पनवेलीत नावारूपास आला. नेऱ्याच्या शांतिवनात, समाजाने ज्यांना दूर लोटले त्या कुष्ठरोग्यांना माणूस म्हणून वागविण्याचे व्रत चालविले गेले. ज्या गावच्या शेजारी हे घडले, त्या गावच्या सुशिक्षित घरांनी खोकला लपवावा हे शोभत नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, मग ते मूल गाणारे असो वा दुकानात बसणारे. दुसरी, आजारी मुलाची कला बंद करू नये. तिचे रूप बदलावे. गाता येत नसेल तर ऐकू द्यावे, उभे राहून रंगविता येत नसेल तर पडल्या पडल्या कागदावर रेघा ओढू द्याव्यात. तिसरी विनंती मंडळास : आपल्या शिष्यवृत्ती निधीतून हुशार विद्यार्थ्यास साह्य मिळते, तसे आजारपणामुळे वर्ष बुडालेल्या विद्यार्थ्यासही मिळावे. वर्ष बुडाले म्हणून ज्याचे नाव यादीतून गळते, त्यालाच आधाराची गरज अधिक असते. तसा ठराव आल्यास आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती भर घालू.

देवासच्या त्या खोलीत एका तरुणाने पाच वर्षे न गाता काढली, आणि कोणी त्यास ‘तू संपलास’ असे म्हटले नाही. आपल्या घरातील खाटेवर पडलेल्या मुलासही तसे कोणी म्हणू नये, एवढेच आमचे मागणे.