चौदा नावं अजून बाकी आहेत



अकोल्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवलं, म्हणून संयोजकांनी मला 'समाज आणि कुटुंब' असा भारदस्त विषय दिला. पण मला तो या मेळाव्याच्या यादीतच सापडला.

मुलांचा शोध आठवडाभरात लागला. एकाचा नंबर मिळाला की त्याच्या गल्लीतले चार मिळत. तेवीस मुलींपैकी मात्र नऊच सापडल्या. शाळेच्या रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात सगळं नीट लिहिलेलं आहे. फक्त त्या नावाची बाई आता कुठंच राहत नाही. व्हॉट्सअॅपवर पाहावं तर फोटोच्या जागी नातू, नाहीतर गजानन महाराज. नातेसंबंधांवरचं इरावतीबाई कर्व्यांचं १९५३ चं पुस्तक शिकवताना मी फळ्यावर बाण काढायची: मुलगी या घरातून त्या घरात. बाण काढायला सोपा होता.

शोधताना ज्याला त्याला विचारावं, तर उलट प्रश्न यायचा, "कोणत्या वानखडे?" आपल्याकडे हे आडनाव कुणब्यांत आहे, बौद्धांतही आहे. 'कोणत्या' म्हणजे पत्ता नव्हे, हे सगळ्यांना कळतं. ज्या अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ उभी राहिली, तिथं हा प्रश्न अजून इतका सहज येतो. मीही तो दोनदा विचारला, हे कबूल करते.

कुंदा सापडली ती तिच्या भावाकडून. "तिचं काय काम निघालं आता?" असं विचारून त्यानं नंबर दिला. १९८६ मध्ये लग्न झालं तेव्हा तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं गेलं. मी फोनवर "कुंदा का?" म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "माय वं! मले ह्या नावानं कोणी हाक मारून किती वर्षं झाले!"

बोलता बोलता शेतीचा विषय निघाला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ सालीच केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या. म्हणजे कुंदा बाहेर. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती आत आली. पुढच्याच वर्षी भावांनी तिला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली, वर साडी. तिनं सही कोणत्या नावानं केली, असं मी विचारलं. "दोन्ही लिवाले लावले. तिथं बरं कुंदा आठवली त्याइले," ती म्हणाली.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. चांगलंच झालं. पण लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव, ही रीत तशीच आहे.

कुंदा आज आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला कुंदाच म्हणा. उरलेल्या चौदा जणींची रजिस्टरातली नावं दाराजवळच्या फळ्यावर लावली आहेत. जेवायला जाताना तेवढी वाचा; कोणाची वहिनी, कोणाची शेजारीण त्यात असेल.