देनवाकाठचा शिंगोबा

नेहरू नगरात दवाखाना चालवणाऱ्या होमिओपॅथाने दगडांवर का बोलावे, असे आपल्याला वाटेल. माझे उभे आयुष्य लॅटिन-ग्रीक नावांत गेले. कल्केरिया म्हणजे चुना, सिलिशिया म्हणजे गार. त्यामुळे पचमढीच्या वाटेवर नातवाने ‘ट्रायासिक म्हणजे काय, आजोबा?’ असे विचारले, तेव्हा शब्द फोडून सांगता आला. मराठीत मात्र सांगता आला नाही. मधेच हिंदीवर घसरलो. ते मनाला लागले.

ट्रायास म्हणजे त्रिक. फ्रीड्रिख फॉन आल्बर्टी या जर्मन भूवैज्ञानिकाने १८३४ साली आपल्या देशातले तीन थर एका नावाखाली आणले. (आमचे हानेमानही तेव्हा हयात होते.) त्यातला मधला थर समुद्रातल्या शिंपल्यांच्या चुनखडकाचा. सातपुड्यात तो नाही, इथले खडक नद्यांच्या गाळाचे आहेत. तरी नाव तेच चालते. काळ सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा. जैन घरात सागरोपमे ऐकत वाढलेल्याला कोटींची भीती वाटत नाही, पण प्रत्येक कोटीला खडकाचा पुरावा लागतो, हे इथे शिकलो.

पुराजीव, मध्यजीव, नवजीव हे मराठीतले महाकल्प मला आवडतात. ऐकताच अर्थ कळतो. वालुकाश्म, पंकाश्म हेही चांगले, पण ते पुस्तकातले. घरातले शब्द पाहा: काळवत्री, मांजऱ्या, मुरूम. सगळे बेसॉल्टच्या घरचे! महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या खडकाखाली झाकलेला, म्हणून जे पायाखाली होते त्यालाच आजीने नाव दिले. गोंडवनी खडक मराठी मुलखात चंद्रपूर-गडचिरोलीकडे दिसतात. ‘गोंडवन’ हे नाव तर आपल्या शेजारचेच, गोंडांच्या मुलखाचे. पुढे ते दक्षिणेतल्या एका अखंड महाखंडाला मिळाले. नागपूरहून आलेल्या घरांनी हिस्लॉप कॉलेज पाहिले असेल. त्याच हिस्लॉपचे नाव पॅरासुकस हिस्लोपी या मगरीसारख्या ट्रायासिक सरीसृपाला आहे.

भोपाळच्या टेकड्यांचा विंध्य वालुकाश्म याहून फार जुना. त्यात हाड शोधू नका, तेव्हा हाडच जन्माला आले नव्हते. हाडांसाठी सातपुड्यात उतरावे लागते. तिथे देनवा नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या पंकाश्मांत एक प्राणी सापडला, आणि २०१७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांनी अर्जेंटिनाच्या सहकाऱ्यासह त्याचे नामकरण केले: शृंगसॉरस इंडिकस. शृंग संस्कृत, सॉरस ग्रीक. तीन-चार मीटर लांब, शाकाहारी, डोळ्यांच्या वर दोन शिंगे. वय सुमारे २४ कोटी वर्षे. वर्तमानपत्र वाचून आपण त्याला डायनासोर म्हणाल. तो डायनासोर नव्हे, लांबचा भाऊबंद म्हणा हवे तर. एकाच जागी निदान सात प्राण्यांची हाडे मिळाली आणि त्यांतल्या काहींना शिंगेच नव्हती. त्या माद्या असाव्यात, असा अंदाज आहे.

हे सगळे मी घरी येऊन, नीट वाचून, नातवाला मराठीत सांगितले. शृंगसॉरस त्याच्या जिभेवर बसेना. वाघोबा, कोल्होबा ऐकलेला मुलगा तो. त्याने त्याला ‘शिंगोबा’ करून टाकले. मग विचारले, बिनशिंगाच्या मादीला काय म्हणायचे? आपल्यापैकी कुणाला सुचले, तर दवाखान्यात येऊन सांगा. संध्याकाळी मी असतो.