चाकाची घरघर

वेग वाढला की चाकाकडून घरघरही वाढते? टायरइतकाच बेअरिंगवरही संशय घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज चढला, तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवतो का पाहा. मग स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवा, खरखर बोटांना कळते. सीलबंद बेअरिंगला ग्रीस भरून भागत नाही, ते बदलावंच लागतं. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग ज्या भागात बसतं त्यात, ते दाबून बसवताना जोर बाहेरच्या रिंगवरच हवा. आतल्या रिंगवर दिला, तर नवं बेअरिंगही बिघडतं. हबची बैठक झिजली असल्यास हबही बदला. ॲक्सलचा नट मात्र अंदाजाने नको, टॉर्क पान्यानेच आवळून घ्या.